गाडीला काय झाल्यालं न्हाई!

साधारण अकराच्या सुमारास फोन येतो. सकाळी नऊला गाडी सर्व्हिसिंगला देऊन तुम्ही रिक्षाने घरी आलेले असता, दुसरा चहा नुकताच पुढ्यात आलेला असतो आणि पलीकडून एक अत्यंत नम्र आवाज म्हणतो, ‘सर, गाडी रॅम्पवर घेतलीय. चार-पाच पॉइंट निघालेत.’ डॉक्टरांच्या कंपाउंडरने ‘रिपोर्ट आलेत, एकदा समक्ष येऊन जा’ म्हणावं, तसं पोटात होतं. मग यादी सुरू होते. इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिनचं डीकार्बनायझेशन, एसीचं निर्जंतुकीकरण, गाडीच्या बुडाला गंजरोधक कोटिंग, टायरमध्ये नायट्रोजन आणि उंदीर येऊ नयेत म्हणून फवारा. यातला उंदीर तेवढा आपल्या ओळखीचा असतो. बाकी सगळं इंग्रजीत असतं आणि ते ऐकून आपण म्हणतो, ‘बरं, आवश्यक असेल तर करून टाका.’ ते आवश्यक आहे की नाही, हे ठरवण्याचं काम आपण ज्याच्यावर सोपवतो, त्याचाच त्यात फायदा असतो.

मी पस्तीस वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. लोकांनी पुढ्यात ठेवलेले कागद वाचायचे आणि त्यात खरं किती, फुगवलेलं किती हे ठरवायचं, याचा मला पगार मिळत असे. कादंबऱ्या लिहितानाही मी फार वेगळं काही करत नव्हतो म्हणा. त्यामुळे नात्यातल्या नि गल्लीतल्या मंडळींना एखादा कागद कळेनासा झाला की तो माझ्याकडे येतो. पूर्वी विम्याचे, सोसायटीचे, वाटणीपत्राचे कागद यायचे. गेल्या आठ-दहा वर्षांत मोटारीच्या सर्व्हिसिंगची एस्टिमेटं सगळ्यांत जास्त येऊ लागली आहेत.

आमच्या थोरल्या वहिनींचंच घ्या. दादा गेल्यावर त्या वयाच्या बासष्टाव्या वर्षी, सगळ्यांचा विरोध पत्करून गाडी शिकल्या. मंडई, देऊळ, नातीची शाळा आणि महिन्यातून एकदा इचलकरंजीला माहेरी, एवढाच त्यांचा प्रवास. चार वर्षांत गाडी तेरा हजार किलोमीटर चालली. गेल्या वर्षी त्यांना सर्व्हिसिंगचं एस्टिमेट आलं २१,४०० रुपयांचं. मला फोन करून म्हणाल्या, ‘भावजी, एवढं काय झालं हो गाडीला? मी काही चुकीचं चालवते का?’ रकमेपेक्षा त्यांचा हा प्रश्न मला अधिक लागला. गाडी विकून टाकावी असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, हे नंतर कळलं.

एस्टिमेट मागवून घेतलं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि मजुरी मिळून ४,९००. ब्रेक ऑइल बदलणं ९००. इथपर्यंत सगळं रास्त होतं. पुढे इंजेक्टर क्लीनिंग २,४००, डीकार्बनायझेशन ३,२००, एसी १,६००, बुडाचं कोटिंग ४,८००, रंगावरचा लेप ३,६००. या पाच ओळींची बेरीज १५,६००. मी वहिनींना म्हटलं, डॅशबोर्डच्या कप्प्यातली पुस्तिका काढा. ती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होती. बहुतेकांची तशीच असते. या पुस्तिकेच्या मागच्या बाजूला एक तक्ता असतो. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी, जे आधी येईल त्याप्रमाणे, काय तपासायचं नि काय बदलायचं, हे त्यात ओळीने दिलेलं असतं. ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच तो छापलेला असतो. वहिनींनी स्वतःच फोन केला. शिक्षिकेच्या आवाजात त्या म्हणाल्या, ‘तक्त्यात आहे तेवढं करा. बाकीचं कुठल्या पानावर आहे ते सांगा.’ पलीकडे जरा शांतता पसरली. मग उत्तर आलं, ‘मॅडम, तसं ते कंपनी रेकमेंड करत नाही, पण आम्ही सजेस्ट करतो.’ रेकमेंड आणि सजेस्ट या दोन शब्दांच्या फटीत १५,६०० रुपये बसले होते. वहिनींनी ५,८०० दिले आणि गाडी घेऊन त्या आल्या. अजून चालवतात.

आता तो फोनवरचा मुलगा लबाड होता का? मला तसं वाटत नाही. आमच्या नात्यातलाच एक मुलगा डिप्लोमा करून दोन वर्षं अशाच एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होता. त्याच्याकडून मी आतली रीत समजून घेतली. रोज सकाळी साडेआठला मीटिंग. भिंतीवर पांढरा फळा. फळ्यावर प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे रकाने. त्यात गाड्या किती दुरुस्त झाल्या याचा रकाना असतो, पण त्याहून महत्त्वाचा असतो ‘व्हीएएस’चा, म्हणजे ‘व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस’चा. साध्या मराठीत, गाडीला नको असलेलं गिऱ्हाइकाला किती विकलं याचा. महिन्याचा इन्सेंटिव्ह त्या रकान्यावर ठरायचा, आणि पगार इतका बेताचा की इन्सेंटिव्हशिवाय खोलीचं भाडं निघू नये. ‘करायचं का?’ असं कधी विचारायचं नाही, ‘करून घेतो’ म्हणायचं, हे त्यांना शिकवलेलं असे. गाडी रॅम्पवर चढवल्यानंतरच फोन करायचा. चाकं काढलेली असली की गिऱ्हाईक फार वाद घालत नाही. बाईमाणूस असेल, म्हातारा असेल किंवा मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची दिसली, तर ‘सेफ्टीचा प्रश्न आहे’ हे वाक्य हमखास वापरायचं. आमचा मुलगा म्हणाला, ‘काका, तिसऱ्या महिन्यात मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.’ नोकरी त्याने पुढे सोडली. कारण विचारलं तर, पाठ दुखायची, एवढंच सांगतो.

हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. बँकांमध्ये विमा आणि म्युच्युअल फंड विकायची पद्धत आली, तेव्हा मी शाखेत होतो. घरकर्ज मागायला आलेल्या माणसाला विमा, लॉकर मागायला आलेल्या बाईला मुदत ठेव, आणि सत्तरीच्या पेन्शनरला वीस वर्षं हप्ते भरायची पॉलिसी. संध्याकाळी वरून फोन, ‘आज किती?’ काउंटरवरचा माणूस तोच, त्याचा स्वभाव तोच, पण विचारला जाणारा प्रश्न बदलला की त्याचं बोलणं बदलतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे आणि ते सरकारी दप्तरात नोंदलेलं आहे. सीअर्स ही तिथली शंभर वर्षांची जुनी, मध्यमवर्गाच्या विश्वासातली दुकानदार कंपनी. मोटारदुरुस्तीची तिची केंद्रं देशभर होती. धंदा घसरू लागल्यावर १९९० च्या सुमारास व्यवस्थापनाने सर्व्हिस ॲडव्हायझरांना विक्रीवर कमिशन लावलं. एका पाळीत इतके शॉक ॲब्सॉर्बर, इतकी अलाइनमेंटं, इतकी ब्रेकची कामं, असे कोटे ठरवून दिले. कोटा भरला नाही तर कामाचे तास कमी व्हायचे. तक्रारी वाढल्यावर कॅलिफोर्निया राज्याच्या मोटारदुरुस्ती खात्याने आपली माणसं साध्या गिऱ्हाइकाच्या वेषात पाठवली. गाड्यांचे ब्रेक झिजलेले होते, बाकी काही बिघाड नव्हता. अशा ३८ फेऱ्यांपैकी ३४ वेळा नको असलेलं काम गळ्यात मारलं गेलं, सरासरी २२३ डॉलरचं. जून १९९२ मध्ये राज्याने हे जाहीर केलं आणि मग चाळीसहून अधिक राज्यांत आरोपांचा भडिमार झाला. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर मान्य केलं की मोबदल्याची ही पद्धत व्यवस्थापनानेच आणली आणि तिच्यातूनच हे वातावरण तयार झालं. कमिशन बंद झालं, गिऱ्हाइकांना भरपाईची कुपनं द्यावी लागली. मला त्यात लक्षात राहिली ती एकच गोष्ट. १९८९ मध्ये त्या केंद्रांतून काम करणारे मेकॅनिक आणि १९९१ मधले मेकॅनिक साधारण तेच होते.

अर्थात कमिशन नव्हतं तेव्हा सगळे हरिश्चंद्र होते असंही नाही. १९४१ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ने आपली माणसं मोटार घेऊन अमेरिकाभर फिरवली होती. गॅरेजजवळ आलं की कॉइलची एक तार ढिली करायची आणि ‘गाडी बिघडली’ म्हणून आत न्यायची. ३४७ गॅरेजांपैकी २१८ ठिकाणी फसवणूक झाली. उरलेल्या १२९ ठिकाणी सरळ तार जोडून दिली. ही तार आपल्याकडेही होती. फियाट-ॲम्बॅसेडरच्या काळातले मिस्त्री काही देवमाणसं नव्हते. ‘इंजिन काम निघालंय’ हे वाक्य ऐकून कितीएक संसारांचे दसरा-दिवाळीचे बेत त्या काळी रद्द झाले असतील. आणि हायवेवरच्या पंक्चरवाल्याचं तर विचारूच नका. एक पंक्चर म्हणून चाक खोलावं आणि त्याने चार दाखवावीत, आपण तिघांच्या जन्मवेळेला हजर होतो की काय अशी शंका यावी!

फरक एका गोष्टीचा होता. तेव्हा बॉनेट उघडं असायचं आणि गाडीमालक शेजारी उभा असायचा. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला नि मूठ कानाला लावून ऐकायचा. प्लग काढून दाखवायचा, ‘बघा, काळा पडलाय.’ काळा दिसायचा. २००० सालच्या आसपास कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, यंत्र सुधारलं, वारंवारच्या कटकटी गेल्या. त्याचबरोबर बिघाड डोळ्यांना दिसायचा थांबला. आता आपण काचेच्या अलीकडे सोफ्यावर बसून कॉफी पितो आणि पलीकडे आपल्या गाडीचं काय चाललंय ते टीव्हीच्या पडद्यावर दिसतं, त्यातही तिचा नुसता मागचा भाग.

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रकाराला नाव देऊन ठेवलं आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. ‘मुक्त स्पर्धा आणि लबाडीचं इष्टतम प्रमाण’ असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो. इतकं प्रामाणिक शीर्षक मला एकाही कादंबरीला सुचलं नाही. काही वस्तू घेण्याआधी पारखता येतात, कापडासारख्या. काही वापरल्यावर कळतात, आंब्यासारख्या. पण काही गोष्टी अशा, की पैसे देऊन, वापरून झाल्यावरही त्यांची गरज होती की नव्हती हे आपल्याला कळत नाही. तिथे फक्त विश्वास ठेवता येतो. डॉक्टरने काढलेलं ॲपेंडिक्स आणि मेकॅनिकने साफ केलेला इंजेक्टर एकाच माळेतले. गाडी आधीही नीट चालत होती, आता नीट चालते आहे. मग १५,६०० वाया गेले हे सिद्ध कसं करणार?

म्हणून थोडीफार माहिती करून घेणं भाग आहे. तेवढी घेणं काही अवघड नाही, शेअरबाजार समजण्यापेक्षा सोपंच. हल्लीच्या बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांना इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने बदलायला सांगितलेलं असतं. दारावर पाच हजारांची चिठ्ठी चिकटवणारा चिठ्ठी आपली चिकटवतो, गाडीच्या कंपनीची नव्हे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, मग तापल्यावर उकळायला लागतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावं. तिथे काटकसर करू नये. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो. दर उन्हाळ्यात ‘गॅस कमी झालाय, भरून टाकतो’ असं कुणी म्हणालं, तर गॅस कुठून गळतोय हे आधी विचारायचं. गळती शोधली नाही तर भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा जाणारच. टायरमधल्या नायट्रोजनबद्दल इतकंच सांगतो, की साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि ही हवा बऱ्याच पंपांवर फुकट मिळते. बुडाच्या कोटिंगचं मात्र सरसकट सांगता येणार नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे, खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर उभ्या असणाऱ्या गाडीला ते उपयोगी पडू शकतं. कोल्हापुरात शेडमध्ये राहणाऱ्या, आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला ते कशाला? अलाइनमेंट हवं असेल तर गाडी स्वतःच सांगते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरलं की ती एका बाजूला ओढते, किंवा टायर एकाच कडेने झिजतात. आमच्याकडच्या रस्त्यांवर हे वारंवार होतं, त्याबद्दल वर्कशॉपला दोष देता येणार नाही. इंजेक्टर क्लीनिंग आणि डीकार्बनायझेशन माझ्या पाहण्यातल्या एकाही पुस्तिकेच्या तक्त्यात मला सापडलेलं नाही. गाडी धक्के देत असेल, पिकअप घेत नसेल, ॲव्हरेज एकदम पडलं असेल, तर जरूर तपासावं. काहीच होत नसताना नव्हे. उंदीर मात्र वायरी खरोखरच कुरतडतात. त्यावर आमच्या गल्लीत तंबाखूच्या पानांपासून डांबरगोळ्यांपर्यंत सगळे प्रयोग झाले. उंदीर अजून आहेत, फवारे मारून घेणाऱ्यांकडेही आहेत.

ब्रेक पॅडचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या शेजारी एक निवृत्त गणिताचे शिक्षक राहतात. सरांना एका वर्षात वर्कशॉपने बरंच काही विकलं होतं. दीड वर्षाची बॅटरी बदलली, सस्पेन्शनचे सुटे भाग बदलले, आणि जुनी बॅटरी दुसऱ्या एका गॅरेजात तपासून घेतली तर ती ठणठणीत निघाली. सर हिशोबाला पक्के. त्यांनी तेव्हाच ठरवलं की यापुढे या लोकांचं एक अक्षर ऐकायचं नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला त्या पोराने फोन करून सांगितलं, ‘पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत, दोन मिलिमीटर राहिलेत, बदलावे लागतील.’ सर म्हणाले, ‘मला सगळं ठाऊक आहे. काही करू नका.’ तो मुलगा या वेळी खरं बोलत होता. दोन महिन्यांनी सर, बाई आणि पाच वर्षांचा नातू रत्नागिरीला निघाले. आंबा घाट उतरताना आधी चाकातून किंकाळीसारखा आवाज आला, मग लोखंड लोखंडावर घासल्यासारखी खरखर. पॅडल दाबलं तरी गाडी थांबायला वेळ घेऊ लागली. सरांनी पहिला गिअर टाकला, हँडब्रेक हातात धरून ठेवला आणि दरीच्या उलट्या बाजूने, मागचे हॉर्न ऐकत, गाडी साखरप्यापर्यंत आणली. पॅडबरोबर डिस्कही खरवडल्या गेल्या होत्या. अडीच-तीन हजारांचं काम अकरा हजारांवर गेलं. पैशाबद्दल सर काही बोलले नाहीत. ‘नातू मागच्या सीटवर झोपला होता’, हे मात्र त्यांनी मला त्या संध्याकाळी तीनदा सांगितलं.

नको असलेल्या कामांचा खरा खर्च बिलाच्या पावतीत कधीच दिसत नाही, तो असा घाटात दिसतो. दहा खोट्या इशाऱ्यांनंतर अकरावा खरा इशारा कुणी मानत नाही. पॅड किती राहिला हे मोजता येतं. म्हणून ‘पॅड गेलेत’ एवढं ऐकून हो किंवा नाही म्हणायच्या ऐवजी ‘किती मिलिमीटर आहे? मला येऊन बघू द्या’ म्हणावं. ‘आज नाही बदललं तर अजून किती किलोमीटर चालेल?’ हाही चांगला प्रश्न आहे. जो खरं सांगत असतो तो आकडा सांगतो, दुसरा सेफ्टीबद्दल बोलू लागतो. आणि गाडी देतानाच जॉबकार्डवर स्वतःच्या हाताने लिहावं, ‘बदललेले सर्व जुने भाग परत द्यावेत. विचारल्याशिवाय जादा काम करू नये.’ मग खाली सही. नुसत्या तोंडी सांगण्याला बँकेत कुणी विचारत नसे, वर्कशॉपमध्येही विचारत नाहीत.

‘मग वॉरंटी जाईल’ ही एक भीती दाखवली जाते. पुस्तिकेतलं ठरलेलं सर्व्हिसिंग वेळेवर करणं ही वॉरंटीची अट असते, लेप आणि फवारे न घेतल्याने ती जात नाही. याच संदर्भात भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा निकाल लोकांना माहीत असायला हवा. अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, म्हणून आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, आणि बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असंही म्हटलं होतं. पुढे प्रकरण अपिलांत गेलं. कोर्टकचेरी म्हटल्यावर ते आलंच. पण प्रश्न ओळखला गेला हे खरं. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी पोर्टलही सुरू केलं, त्यात मोटारी आहेत. आणि अगदीच टोकाला गेलं, तर २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळदा ‘१९१५ ला लावतो’ एवढ्या वाक्यानेच मॅनेजर केबिनमधून बाहेर येतो.

पण कायद्याने तरी काय होणार, असं मला अलीकडे वाटू लागलंय, आणि त्याला कारण उद्यमनगरातला एक मेकॅनिक आहे. १९९३ मध्ये सुशिक्षित बेरोजगारांसाठी पंतप्रधान रोजगार योजना आली, लाखभराच्या आतला धंदा, साडेसात हजारांपर्यंत अनुदान. पुढच्या वर्षी आयटीआय झालेला एक तरणाबांड मुलगा मोटार गॅरेजच्या कर्जाचा अर्ज घेऊन माझ्या टेबलापुढे बसला होता. प्रकल्प अहवालात उत्पन्नाच्या बाजूला दोनच ओळी होत्या, मजुरी आणि सुट्या भागांवरचं कमिशन. मी विचारलं, ‘आणि गाडी बघून काहीच बिघाड निघाला नाही तर?’ तो हसून म्हणाला, ‘तर काय न्हाई, सायेब. च्या पाजायचा आन् लावून द्यायचं.’ कर्ज त्याने वेळेत फेडलं. माझ्या सगळ्या नोकरीत त्या योजनेतून दिलेली जी थोडी कर्जं पूर्ण फिटली, त्यातलं ते एक.

आता तो पंचावन्नच्या घरात आहे. गेली तीस वर्षं आमच्या घरातल्या गाड्या त्याच्याकडेच जातात. माझी गाडी एकदा डाव्या बाजूने खडखडायला लागली. मी दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडून मोठं काम सांगितलं गेलं. त्याने गाडी एक चक्कर फिरवून आणली, खाली शिरला, अर्ध्या तासाने हात पुसत बाहेर आला. ‘गाडीला काय झाल्यालं न्हाई. सायलेन्सरचा पत्रा ढिला हुता, आवळला.’ किती द्यायचे विचारलं तर म्हणतो, ‘कशाचं?’

त्या ‘कशाचं?’वर मी पुष्कळ विचार केला. त्याच्या दारात दिवसाला साधारण सहा गाड्या येतात. त्यातल्या दोन गाड्यांना काहीही झालेलं नसतं, पण हे कळायला प्रत्येकी अर्धा-पाऊण तास आणि तीस वर्षांचा कान लागतो. त्या दोन गाड्यांचं त्याला शून्य मिळतं, वर चहा जातो. शेजारचा गॅरेजवाला त्याच दोन गाड्यांतून काहीतरी काढतोच, आणि संध्याकाळी स्पेअर पार्टच्या दुकानात त्याचं कमिशन तयार असतं. आपण डोळ्यांच्या डॉक्टरला पाचशे रुपये देतो, तो म्हणतो ‘नंबर बदललेला नाही’, आणि आपण आनंदाने घरी येतो. वकिलाला ‘या केसमध्ये दम नाही’ एवढं सांगण्याची फी देतो. मेकॅनिकने मात्र भाग बदलला तरच त्याने काम केलं असं आपण मानतो. ‘काही करायला नको’ हे उत्तर सगळ्यांना हवं असतं आणि त्याचे पैसे द्यायची रीत नाही. मग कुठला धंदेवाईक माणूस ते उत्तर देत बसेल? मोठी वर्कशॉपं तरी यापेक्षा वेगळं काय करतात? ‘मोफत तपासणी शिबिर’ म्हणून बोलावतात आणि मोफत तपासणीत काही निघालं नाही असं कधी होत नाही.

हे मी त्याला बोलून दाखवलं. त्याला ते पटलं नाही, पण बी.कॉम. झालेल्या त्याच्या मुलीला पटलं. हिशोब तीच बघते. दोन महिन्यांपूर्वी तिने शटरशेजारी एक पाटी लावली, ‘गाडी तपासणी रु. ३००. काम निघो वा न निघो. काम निघाल्यास मजुरीत वजा.’ पाटी बघून पहिल्या आठवड्यात तीन जुनी गिऱ्हाइकं परत फिरली. एक म्हणाला, ‘काय रे, तू पण मोठा झालास!’ गणिताच्या सरांनी मात्र स्वतः होऊन गाडी आणली, चारी पॅड मोजून घेतले, आकडे वहीत लिहून घेतले आणि तीनशे रुपये देऊन गेले. गिऱ्हाइकं कमी झाली आहेत की नाही हे मुलगी सांगते, बाप सांगत नाही. तो अजूनही ओळखीच्या माणसाकडून तीनशे घ्यायला लाजतो, मग ती आतून बाहेर येते.

परवा मी गेलो तेव्हा तो एका भल्यामोठ्या पांढऱ्या गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर दिसत होते. वीस-पंचवीस लाखांची गाडी असेल. तिचे मालक स्टुलावर बसून फोनवर कुणाला तरी सांगत होते, ‘नुसतं बघायचे तीनशे घेतो म्हणे. काही निघालं नाही तरी. हो, थांबलोय अजून. बघू या काय म्हणतो ते.’